शंकरपाळा

संगणक कक्षाबाहेर चपला काढायचा नियम
आधीच्या हेडसरांचा.
यंत्रांना धूळ चालत नाही, म्हणे.
आता चौदापैकी नऊ यंत्रं सुरू होतात,
त्यातल्या दोघांना ‘ए’चं बटण नाही,
तरी नववी ब अजून अनवाणीच आत येते.

मी मुळात भूमितीचा माणूस.
दहा दिवसांचं प्रशिक्षण, एक प्रमाणपत्र, कक्षाची किल्ली,
झालो संगणकाचा मास्तर.
शिवडीच्या आमच्या शाळेत कुणी हसलं नाही.
पीटीचे घाडीसर इथे चित्रकला शिकवतात.

त्या दिवशी वीज नव्हती,
म्हणून फळ्यावर काढला आराखडा:
सुरुवात लंबगोलात, काम चौकोनात,
आणि निर्णय आला की चौकोन टोकावर उभा करायचा.
“सर, शंकरपाळा!” मागच्या बाकावरून दर्पण भोईर.
ठरलं. शंकरपाळाच.
शंकरपाळ्याला दोन वाटा फुटतात,
हो आणि नाही.
तिसरी नसते, हे मी खडू आपटून सांगितलं.
खडू मोडला.

घरचा अभ्यास: लिफ्ट कशी चालते?
बहुतेक आराखडे एकाच वहीतून फिरून आलेले.
बटण दाबलं का? मजला आला का?
दार उघड. थांब.
दहापैकी आठ, दहापैकी आठ,
एकाने दार उघडायचं राहूनच गेलं, त्याला पाच.

मग रेवती कासलेचा. दोन पानं, मधे टाचणी.
पहिल्याच लंबगोलात:
पप्पा स्टुलावर बसतात.
त्याखाली शंकरपाळा:
आत येणाऱ्याच्या हातात मासळीची पिशवी आहे का?
हो. मागची लिफ्ट दाखवा.
मागची बंद आहे का?
हो. सहाव्या मजल्यावरच्या बाई घरी आहेत का?
(खाली गाडी नसेल तर नाहीत.)
मग या, पटकन या.
समासात एक बाण, पेन्सिलीचा:
मेहता आजोबा कुठलाही मजला सांगोत,
चौथ्यावरच सोडायचं. ते विसरतात.
आणि थांब लिहायच्या जागी:
रात्री आठ. स्टूल वॉचमनकडे ठेवायचं.

मी लाल पेन उघडून बसलो.
चुका होत्या, नियमाने होत्या.
एका शंकरपाळ्यातून तर तीन बाण निघालेले:
हो,
नाही,
पप्पा बघतील.

दुसऱ्या दिवशी वर्गात म्हटलं,
“कासले, बाण दोनच.”
“मग सर, तसं काही आलं तर?”
“संगणकाला पप्पा नसतात.”
वर्ग हसला. तीही हसली, सगळ्यांच्या नंतर,
आणि वहीचा कोपरा दुमडत म्हणाली,
“दिवाळीनंतर तिथे नवी लिफ्ट येणार आहे.
आपोआप चालणारी. पप्पांना तसं सांगितलंय.
म्हणून विचारलं, सर,
हे सगळं तिला आधीच सांगून ठेवता येतं का?”

इतक्या वर्षांत मला
पायथागोरस कुणी असा विचारला नव्हता.
मी खिडकीकडे पाहिलं. खिडकीत पंख्याचं खोकं लावलंय,
काचेच्या जागी. त्यावर ‘ही बाजू वर’ असं लिहिलंय,
उलटं.

तास अजून वीस मिनिटं होता.
“ये,” म्हटलं, “एकेक करून बघू.”
मासळीची पिशवी नको म्हणाली ती,
ते तिला नाही शिकवायचं.
सहाव्या मजल्यावरच्या बाईही नकोत.
मेहता आजोबांपासून सुरू करूया.

यंत्र नेमकं ‘ए’ नसलेलं मिळालं.
आजोबांच्या नावात तो पुन्हा पुन्हा येतो.
तिने कुठल्याशा जुन्या फाइलमधून एक ‘ए’ उचलला,
आणून चिकटवला,
पुढचं अक्षर टाइप केलं,
परत त्याला उचलायला गेली.

तिचे गुण मी अजून भरलेले नाहीत.
तक्त्यात तिच्या नावापुढे
पेन्सिलीने एक शंकरपाळा काढून ठेवलाय.